सुजलेला कान, दडलेले कारण

रात्रीपर्यंत व्यवस्थित खेळणारा कुत्रा सकाळी मान एका बाजूला कलती करून बसलेला दिसतो. एक कान जड होऊन लोंबत असतो. हात लावावा तर आत पाणी भरलेल्या पिशवीसारखे काही तरी हलते आणि कुत्रा कळवळून डोके मागे घेतो. घरच्यांची पहिली समजूत बहुधा अशी होते, की काही तरी चावले असावे किंवा गळू झाले असावे. प्रत्यक्षात अनेकदा यांपैकी काहीच झालेले नसते. कानाच्या पाळीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून त्वचेखाली रक्त साचलेले असते. पशुवैद्यक या विकाराला कानाचा हिमॅटोमा म्हणतात.

हा विकार सहसा जिवावर बेतणारा नसतो. मात्र त्याच्या उपचारांत होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. कोणी घरीच सुईने किंवा ब्लेडने फुगा फोडतो. कोणी आपोआप जिरेल म्हणून महिनाभर वाट पाहतो. कोणी दवाखान्यात नेऊन साचलेले रक्त काढून आणतो आणि कान पूर्ववत दिसू लागताच निश्चिंत होतो. चार-आठ दिवसांत तोच कान पुन्हा भरतो, तेव्हा दोष डॉक्टरांना दिला जातो. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट राहून गेलेली असते. कान सुजण्यापूर्वी कुत्रा कित्येक दिवस डोके झटकत होता. तो का झटकत होता, याचा शोध कोणी घेतलेला नसतो.

रक्त साचते कसे?

कुत्र्याच्या कानाची पाळी म्हणजे कूर्चेचा एक लवचिक पत्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटलेली त्वचा. कूर्चेला जागोजाग बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून रक्तवाहिन्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. कुत्रा जोराने डोके झटकतो, तेव्हा कान चाबकासारखा डोक्यावर, जबड्यावर किंवा गळ्यातील पट्ट्यावर आपटतो. पंजाने कान ओरबाडला, तरी त्यावर तसाच ताण येतो. कूर्चेला तडा जातो, आतल्या वाहिन्या फुटतात आणि रक्त बाहेर येऊ लागते. त्याला बाहेर पडण्यास वाट नसल्याने ते त्वचेला कूर्चेपासून उचलत जाते आणि मध्ये पोकळी तयार होते. ही सूज सामान्यतः कानाच्या आतील, म्हणजे खोलगट बाजूस दिसते. आतील दाब वाढला की रक्तस्राव थांबतो. तोपर्यंत कधी सुपारीएवढा भाग, तर कधी संपूर्ण पाळी फुगलेली असते.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, कॉकर स्पॅनियल अशा लोंबत्या कानांच्या जातींत हा विकार विशेष आढळतो. परंतु ताठ कानांचे अल्सेशियन किंवा रस्त्यावरची देशी कुत्रीही त्याला अपवाद नाहीत. मांजरांनाही तो होतो, मात्र तुलनेने कमी.

खाजेचे उगमस्थान

डोके झटकण्याचे कारण बहुतेक वेळा पाळीत नसून कानाच्या नळीत असते. माणसाच्या कानाची नळी बरीचशी सरळ असते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्यापर्यंत जाते. या वळणामुळे आत गेलेले पाणी, मळ किंवा कुसळ सहज बाहेर येत नाही. लोंबत्या कानाचे झाकण असेल, तर हवाही खेळत नाही. ऊब, ओल आणि अंधार मिळाला की त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट आणि जीवाणू झपाट्याने वाढतात. कोकणपट्टीतील दमट हवा, पावसाळ्यातील सततची ओल आणि आंघोळीनंतर न पुसलेले कान यांमुळे हा दाह वाढण्यास अनुकूल स्थिती मिळते. तपकिरी मळ, आंबूस वास, कानाच्या मुळाशी लाली आणि सतत खाजवणे ही त्याची लक्षणे होत.

दुसरे कारण म्हणजे कानात राहणारे सूक्ष्म परजीवी, अर्थात माइट्स. पिल्लांत आणि मांजरांत त्यांचे प्रमाण अधिक असते आणि कॉफीच्या चुऱ्यासारखा काळसर मळ ही त्यांची खूण असते. गवतातून हिंडणाऱ्या कुत्र्याच्या कानात कुसळ शिरते. कानाच्या घड्यांत गोचिडी लपून बसतात. या सर्वांपेक्षा चिवट कारण म्हणजे ॲलर्जी. धूळ, परागकण, पिसवांचा दंश किंवा अन्नातील एखादे प्रथिन सोसत नसलेल्या कुत्र्याला पंजे चाटणे, पोट खाजवणे आणि कान दुखणे असा त्रास वारंवार होतो. वर्षातून तीन-चार वेळा कानाचे औषध घालावे लागत असेल, तर ॲलर्जीचा संशय घेणे आवश्यक ठरते.

क्वचित प्रसंगी दोष रक्तातच असतो. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या एर्लिचियासारख्या तापात रक्तातील प्लेटलेट कमी होतात. उंदीर मारण्याच्या काही विषांमुळे रक्त गोठण्याची क्रियाच थांबते. अशा वेळी किरकोळ धक्क्यानेही कानात रक्त साचू शकते. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, पोटाच्या त्वचेवर लाल-जांभळे ठिपके दिसणे, ताप, फिक्या हिरड्या, अन्नावरील वासना उडणे यांपैकी काहीही सोबत आढळल्यास कानाची सूज दुय्यम मानून कुत्र्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. रक्ताची तपासणी झाल्याशिवाय अशा कानाला शस्त्र लावणे धोक्याचे असते.

गळू की हिमॅटोमा?

हिमॅटोमाची सूज सुरुवातीस मऊ, किंचित कोमट आणि दाबल्यास हलणारी असते. ती काही तासांत वाढते. गळवाला बहुधा चावल्याची जखम, अधिक वेदना आणि ताप यांची साथ असते. गाठ असेल तर ती हळूहळू, आठवड्यांनी वाढते आणि लागते घट्ट. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यास सूज कानापुरती न राहता अनेकदा चेहऱ्यावरही येते. तरीही केवळ डोळ्यांनी केलेले निदान पक्के नसते. पशुवैद्यक बारीक सुईने थोडा द्रव काढून पाहतात आणि त्यावरून आत रक्त आहे की पू, हे ठरते. त्यानंतर यंत्राने दोन्ही कानांच्या नळ्या आतपर्यंत पाहणे आणि मळाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हा तपासणीचा अधिक महत्त्वाचा भाग आहे. दुखणारा कान तपासू न देणाऱ्या कुत्र्याला त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागते. एरवी गरीब असलेला कुत्राही कळ आली की चावतो, हे घरच्यांनी विसरू नये.

आपोआप जिरले तर?

उपचार न केल्यास काही आठवड्यांत सूज उतरते हे खरे. पण कान पूर्वीसारखा राहत नाही. साचलेल्या रक्ताच्या गुठळ्या होतात, लालसर पाणी सुटते, पोकळीच्या भिंतींवर नवी पेशीजाले धरतात आणि शेवटी त्यांचा कठीण व्रण बनतो. हा व्रण आकसताना पाळीला आपल्याकडे ओढून घेतो आणि कान सुरकुतलेल्या पानासारखा चुरगळतो. कोल्हापूरच्या तालमीत मुरलेल्या पैलवानांचे जाडसर, गोळा झालेले कान अनेकांनी पाहिलेले असतात. कुस्तीतील घर्षणाने आणि दाबाने कानात रक्त साचते आणि ते वेळेवर न काढल्यास कूर्चेची अशीच अवस्था होते. पैलवान त्या कानांना मेहनतीची खूण मानतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र प्रश्न केवळ रूपाचा राहत नाही. आकसलेली पाळी कधी कधी नळीचे तोंड अरुंद करते. मग औषध आत पोहोचत नाही, मळ बाहेर येत नाही आणि कानाचे दुखणे कायमचे होऊन बसते.

याचा अर्थ मध्यरात्री धावपळ करावी असा नव्हे. रक्त गोठण्याचा विकार नसेल तर एक-दोन दिवसांत दवाखाना गाठणे पुरेसे असते. अतिशय वृद्ध किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्याला भूल देणे जोखमीचे असल्यास, सूज लहान असल्यास, मूळ खाज आटोक्यात आणून पाळी आपोआप बरी होऊ देणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. तो पशुवैद्यकाशी बोलून घेतलेला असावा, एवढेच.

सुईपासून टाक्यांपर्यंत

उपचारांचे उद्दिष्ट दुहेरी असते. साचलेले रक्त बाहेर काढणे हे पहिले आणि त्वचा पुन्हा कूर्चेला चिकटेपर्यंत मधली पोकळी बंद ठेवणे हे दुसरे. पहिले सोपे, दुसरे अवघड. निरनिराळ्या पद्धतींतील फरक या दुसऱ्या उद्दिष्टाशी निगडित आहे.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे सुईने रक्त ओढून घेणे. तिला भूल लागत नाही आणि खर्चही कमी येतो. मात्र पोकळी तशीच राहत असल्याने कान पुन्हा भरण्याची शक्यता मोठी असते. म्हणून अनेक पशुवैद्यक रक्त काढल्यावर त्याच पोकळीत स्टेरॉइडचे औषध सोडतात किंवा काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्यामुळे दाह आणि खाज दोन्ही कमी होतात आणि पुष्कळ कुत्र्यांत शस्त्रक्रिया टळते. काहींना ही क्रिया दोन-तीनदा करावी लागते. मधुमेह असलेल्या किंवा अंगात जंतुसंसर्ग असलेल्या कुत्र्याला स्टेरॉइड देताना फार सावध राहावे लागते. स्टेरॉइड आणि नेहमीची वेदनाशामके एकत्र दिल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगणे पालकाचे कर्तव्य ठरते.

दुसरी पद्धत नळी बसवण्याची. गायी-म्हशींच्या सडात घालण्यासाठी बनवलेली छोटी प्लास्टिकची नळी पशुवैद्यकांनी या कामी वापरून पाहिली आणि ती उपयोगी ठरली. कानाच्या टोकाकडील भागात छोटा छेद घेऊन ती बसवली की झिरपणारा द्रव सतत बाहेर पडत राहतो आणि त्वचेला चिकटण्यास अवधी मिळतो. सूज ताजी असताना, आत गुठळ्या झालेल्या नसताना ही पद्धत अधिक उपयोगी पडते. कान सतत ठिबकत राहणार, नळी कुत्र्याने उपटू नये म्हणून पहारा करावा लागणार, ही तिची गैरसोय.

सूज मोठी असेल, जुनी असेल किंवा पुनःपुन्हा भरत असेल, तर शस्त्रक्रिया हा खात्रीचा मार्ग मानला जातो. कुत्र्याला पूर्ण भूल देऊन कानाच्या आतील बाजूस सरळ किंवा नागमोडी छेद घेतला जातो. रेषा आखडताना कान एकाच दिशेने ओढला जाऊ नये, हा नागमोडी छेदामागील हेतू. गुठळ्या काढून पोकळी सलाइनने धुतली जाते. त्यानंतर गादीला टाचे घालावेत तसे पाळीभर अनेक टाके घालून त्वचा व कूर्चा एकमेकांना बांधली जातात. हे टाके कानाच्या लांबीला समांतर घालतात. रक्तवाहिन्या कानाच्या मुळाकडून टोकाकडे जातात. आडव्या टाक्यांनी त्या आवळल्या गेल्या, तर पाळीचा तुकडा मृत होऊ शकतो. छेदाच्या कडा मुद्दाम पूर्ण मिटवत नाहीत. काही मिलिमीटरची फट उघडी ठेवली जाते, म्हणजे पुढील काही दिवस झिरपणारा द्रव आत कोंडत नाही. टाक्यांचा ताण त्वचेत रुतू नये म्हणून काही पशुवैद्यक जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे, बटणे किंवा सलाइनच्या नळीचे बारीक तुकडे टाक्यांखाली ठेवतात. दिसायला हा प्रकार ओबडधोबड वाटला, तरी त्यामुळे दाब सर्वत्र सारखा विभागला जातो.

पुढचे तीन आठवडे

शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. तिचे यश मात्र पुढील दोन-तीन आठवड्यांवर अवलंबून असते. टाके साधारण तितके दिवस ठेवले जातात. या काळात गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर असावी आणि ती कुत्रा केविलवाणा दिसतो म्हणून काढू नये. एका रात्रीत पंजाने सर्व टाके उसवल्याची उदाहरणे दवाखान्यांना नवी नाहीत. कान डोक्यावर उलटा ठेवून पट्टी बांधली असल्यास ती गळ्याशी घट्ट होत नाही ना, हे पाहावे. पट्टी आणि गळा यांमध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. पट्टीच्या आत कान नेमका कोठे आहे, याची खूण पेनाने वरून करून घेणे हिताचे असते. पट्टी कापताना कात्री कानालाच लागण्याचे अपघात त्यामुळे टळतात. पट्टी भिजली, वास येऊ लागला किंवा पंजे-चेहरा सुजला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. ओलसर जखमेवर माशा बसतात, अंडी घालतात आणि अळ्या पडतात. त्यामुळे बाहेर बांधल्या जाणाऱ्या कुत्र्याला हे दिवस घरात किंवा जाळीच्या आडोशाला ठेवणे आवश्यक आहे.

टाके निघाले तरी मूळ दुखण्याचे उपचार अर्ध्यावर सोडता येत नाहीत. मळाच्या नमुन्यात यीस्ट आढळले की जीवाणू, यावर कानात घालायचे औषध ठरते. शेजारच्या कुत्र्याला लागू पडलेली बाटली आपल्याही कुत्र्याला चालेल, हा समज चुकीचा आहे. कानाचा पडदा फाटलेला असेल, तर जेंटामायसिनसारखी काही औषधे आतील कानात उतरून ऐकू येणे कायमचे बंद करू शकतात. माइट्स असतील तर घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. अन्नाच्या ॲलर्जीचा संशय असल्यास निदान आठ आठवडे ठरवून दिलेला आहारच द्यावा लागतो. त्या काळात टोस्टचा तुकडाही चोरून द्यायचा नसतो. इतर ॲलर्जींसाठी खाज रोखणारी नवी औषधे उपलब्ध झाली आहेत. त्यांपैकी ऑक्लासिटिनिबला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. ही औषधे दीर्घकाळ देताना तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

घरी काय टाळावे?

सुजलेला कान घरी फोडू नये. निर्जंतुक नसलेल्या सुईने आत पू होतो आणि साधा विकार गुंतागुंतीचा बनतो. कानात कोमट तेल, हळद, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालू नये. कापसाच्या काड्यांनी मळ आत ढकलला जातो. माणसांची वेदनाशामके तर कटाक्षाने टाळावीत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांमुळे कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना इजा होते. पॅरासिटामॉलचा अदमासाने दिलेला डोस यकृताला बाधतो. मांजराला तर तो जीवघेणा ठरतो. ॲस्पिरिनने रक्त गोठणे मंदावते आणि हिमॅटोमात नेमके तेच नको असते. गोचिडी किंवा माइट्ससाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन परस्पर देण्याची प्रथाही घातक आहे. कोली आणि तत्सम जातींच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूत उतरते आणि प्राणावर बेतते.

दवाखाना गाठेपर्यंत करण्यासारखे थोडेच आहे, पण ते उपयोगी आहे. कॉलर घालावी, कुत्र्याला शांत ठेवावे. कान फार आपटत असल्यास तो डोक्यावर अलगद ठेवून मऊ कापडाची सैल पट्टी गुंडाळावी. कुत्र्याने सहन केल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटे लावावा.

रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय?

भटक्या कुत्र्यांची काळजी घेणाऱ्या प्राणिमित्रांपुढे हा विकार वेगळाच पेच उभा करतो. शस्त्रक्रिया झाली तरी पट्टी कोण सांभाळणार आणि कॉलर घातलेला कुत्रा रस्त्यावर कसा टिकणार? अशा कुत्र्याला टाके निघेपर्यंत निवाऱ्यात ठेवण्याची सोय असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. ती सोय नसल्यास सुईने रक्त काढून औषधे देणे आणि कानातील खाजेवर परिणामकारक उपचार करणे अधिक व्यवहार्य ठरते. कान थोडा आकसला तरी चालेल, परंतु उघड्या जखमेत अळ्या पडू देता कामा नयेत. परळ येथे १८८६ पासून असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तसेच नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथील महाविद्यालये पशुवैद्यकशास्त्राच्या शिक्षणाची राज्यातील प्रमुख केंद्रे आहेत. खासगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करण्यास हरकत नाही.

हा विकार टाळण्यासाठी लागणारा वेळ आठवड्यातून पाच मिनिटांहून अधिक नाही. कान उलटून आत पाहावे, वास घ्यावा, आंघोळीनंतर आणि पावसात भिजल्यावर पाळीची आतील बाजू कोरड्या कापडाने टिपावी, गोचिडींचा बंदोबस्त बारमाही ठेवावा. कुत्रा दिवसभरात पुनःपुन्हा डोके झटकू लागला, की कान सुजण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तो तपासून घ्यावा. सूज आलीच, तर डॉक्टरांना 'रक्त कधी काढणार' या प्रश्नाबरोबरच 'याला खाज कशामुळे सुटली' हाही प्रश्न अवश्य विचारावा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरच पहिला प्रश्न पुन्हा विचारण्याची वेळ येत नाही.